जर्नलमधला साक्षीदार

(व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी मला विचारलं, तुम्ही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, दहावीच्या विज्ञानाच्या जर्नलशी तुमचा काय संबंध? प्रश्न रास्त आहे. उत्तर घरातलंच आहे, तिथूनच सुरुवात करतो.

माझी नात यंदा दहावीला आहे. एका संध्याकाळी ती जर्नल घेऊन माझ्यापाशी आली. प्रयोग होता बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर काढण्याचा. आपण सगळ्यांनीच कधी ना कधी केलेला. भिंग स्टँडवर लावायचं, लांबच्या वस्तूची प्रतिमा पडद्यावर घ्यायची, ती स्पष्ट दिसली की भिंग आणि पडदा यांतलं अंतर मोजायचं. भिंगाच्या पाकिटावर १० सेंमी असं छापलेलं होतं. हिने तीनदा मोजलं आणि हिला १०.४, १०.६ आणि १०.५ असे आकडे मिळाले. बाकीच्या मुलांनी ९.९, १०.०, १०.१ असं लिहून सरासरी बरोबर १० आणली होती. ती म्हणाली, ‘‘आबा, मी पण दहाच लिहू का?’’ आणि मी, आयुष्यभर मुलांना सत्याचे सिद्धान्त शिकवलेला माणूस, वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणालो, ‘‘लिही. एवढ्याशा मार्कांसाठी कशाला वाद घालतेस?’’

ती काही बोलली नाही. वही मिटून निघून गेली. मला मात्र नंतर वर्तमानपत्र वाचता येईना, कारण साठ वर्षांपूर्वी हेच वाक्य कोणीतरी मला म्हटलं होतं.

आमचं गाव घाटमाथ्यावर, समुद्रसपाटीपासून सव्वाचार हजार फुटांच्या आसपास. शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, दोन लांब टेबलं, एक कपाट आणि त्या कपाटाला कुलूप. वर्षातून काही दिवस ते उघडायचं. पाण्याचा उत्कलनबिंदू काढायचा होता. स्पिरिटचा दिवा, तिवई, जाळी, चंचुपात्र, तापमापी. पाणी खदखदायला लागलं आणि पारा ९६ वर येऊन थांबला. मी पाच मिनिटं थांबलो. पारा हलेना. मी वहीत ९६ लिहिलं. सरांनी वही तपासताना त्या आकड्याभोवती लाल गोल काढला आणि म्हणाले, ‘‘अरे, पाणी शंभरला उकळतं. कशाला वाद घालतोस? खोड ते आणि १०० लिही.’’ मी खोडलं आणि १०० लिहिलं. सगळ्या वर्गाने १०० लिहिलं होतं. सर वाईट नव्हते, फार जीव लावून शिकवायचे. आमचे मार्क जाऊ नयेत एवढंच त्यांच्या मनात होतं.

गंमत अशी की त्या खोलीत त्या दिवशी पाणी १०० ला उकळणं शक्यच नव्हतं. उंचावर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी लवकर उकळतं. साधारण हिशेब असा, की दर हजार फुटांमागे उत्कलनबिंदू सुमारे एक अंश सेल्सिअसने उतरतो. सव्वाचार हजार फुटांना सव्वाचार अंश. म्हणजे जवळजवळ ९६. तापमापी बरोबर होती, पाणीही बरोबर होतं, माझे डोळेही ठीक होते. चुकीची झाली ती वही.

तर आजचा प्रश्न हा आहे. प्रयोग केल्यावर तो लिहून काढायचा, ही पद्धत आली कुठून? कशासाठी आली? आणि परीक्षेच्या वाटेने जाताना तिचं असं काय झालं, की जे दिसलं ते खोडून जे दिसायला हवं ते लिहिणं, याला आपण प्रयोगवही म्हणू लागलो?

चला, साडेतीनशे वर्षं मागे जाऊ. इंग्लंड, १६६०. रॉबर्ट बॉइल. नववी-दहावीनंतर ज्याचा नियम आपण पाठ करतो तो बॉइल. त्याच्याकडे रॉबर्ट हुकच्या मदतीने तयार केलेला एक हवा काढण्याचा पंप होता. काचेचं मोठं पात्र, त्यातली हवा खेचून काढायची आणि आत ठेवलेल्या वस्तूचं काय होतं ते बघायचं. त्या काळात असं यंत्र म्हणजे भयंकर खर्चाचं काम. सगळ्या युरोपात मोजकेच असतील. आता अडचण बघा. बॉइलने त्यात काहीतरी पाहिलं, ठीक. पण पॅरिसमधल्या माणसाने त्यावर विश्वास का ठेवावा? तो तर तिथे नव्हता, आणि स्वतः करून बघावं तर त्याच्याकडे यंत्र नाही.

बॉइलने यावर तोडगा काढला तो लेखणीने. १६६० साली त्याने हवेच्या लवचीकतेवर एक पुस्तक प्रसिद्ध केलं, त्यात ४३ प्रयोगांची वर्णनं आहेत. वर्णनं कशी? अतिशय पाल्हाळिक. यंत्राचं तपशीलवार चित्र. काय केलं, कोणत्या क्रमाने केलं, कुठे गळती झाली, तिथे कोण कोण हजर होतं. हे पाल्हाळ त्याने जाणूनबुजून लावलं होतं. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तो प्रयोग उभा राहिला पाहिजे, म्हणजे तो घरबसल्या साक्षीदार होईल. स्टीव्हन शेपिन आणि सायमन शेफर या दोन इतिहासकारांनी १९८५ साली याच गोष्टीवर एक गाजलेला ग्रंथ लिहिला. हजर नसलेल्या माणसाला साक्षीदार करून घेण्याचं तंत्र म्हणजे प्रयोगलेखन, हा त्यांचा एक मुख्य मुद्दा आहे.

आणि आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. संगमरवराच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर दाबून ठेवल्या की चिकटून बसतात. बॉइलचं म्हणणं होतं, की बाहेरची हवा त्यांना दाबून धरते. मग हवा काढली तर खालची चकती गळून पडायला हवी. त्याने चकत्या पात्रात टांगल्या, हवा काढली. चकती पडली नाही. त्याच्या सिद्धान्ताला सोयीचं ते हे नव्हतं. पण त्याने ते लिहिलं. पडली नाही असं लिहिलं, आणि पात्रात थोडी हवा उरली असावी हा आपला अंदाज वेगळा लिहिला. पुढच्याच वर्षी, १६६१ मध्ये, फसलेल्या प्रयोगांविषयी त्याने दोन स्वतंत्र निबंधही छापले. का? फसलेलं सांगणाऱ्या माणसाचं जमलेलंही खरं मानावंसं वाटतं, हे त्याला कळलेलं होतं.

टीकाकारही होते. थॉमस हॉब्जने आक्षेप घेतला, की हे साक्षीदार कोण? मूठभर निवडक लोक बंद दाराआड काहीतरी बघतात आणि आम्ही ते सत्य मानायचं? आक्षेप महत्त्वाचा आहे आणि तो अजून जुना झालेला नाही. साक्षीवर ज्ञान उभं करायचं तर साक्षीदार कसा असावा हे ठरवावंच लागतं.

इथे मला आपल्या न्यायदर्शनाकडे वळावंसं वाटतं. तत्त्वज्ञानाच्या मास्तराला एवढी सवलत द्या. आपल्या जर्नलमध्ये दोन मथळे असतात, ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’. अनुमान हा शब्द मंडळाने नव्याने घडवलेला नाही. न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत, त्यांना प्रमाणं म्हणतात. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. डोळ्यांनी पाहिलं ते प्रत्यक्ष. धूर दिसला म्हणून डोंगरावर अग्नी आहे असं ठरवलं ते अनुमान. आणि शब्द म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणारं ज्ञान. पण कोणाच्याही सांगण्यावरून नाही, आप्ताच्या. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे हं. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने आप्त कोण हे नेमकं सांगितलं आहे. ज्याने ती वस्तू स्वतः जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच दुसऱ्याला सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि पुढे तो म्हणतो, की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. म्हणजे कुळ बघायचं नाही, पदवी बघायची नाही. पाहिलंस का? आणि पाहिलंस तसं सांगतोस का? एवढंच बघायचं.

आता जर्नलकडे बघा. करणाऱ्यासाठी त्यात निरीक्षण आणि अनुमान आहे. पण वाचणाऱ्यासाठी ती संपूर्ण वही म्हणजे शब्दप्रमाण आहे. वाचणारा तिथे नव्हता. पंधरा वर्षांचं पोर वही लिहितं तेव्हा ते वाचणाऱ्याला म्हणत असतं, की मी तिथे होतो, मी पाहिलं, माझ्यावर विश्वास ठेव. प्रयोग लिहून काढायला शिकवणं म्हणजे मुलांना आप्त व्हायला शिकवणं. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचा गाभा हा आहे. पाणी किती अंशांना उकळतं ही माहिती पुस्तकात मिळते. आप्त होण्याची सवय पुस्तकात मिळत नाही.

माझ्या ९६ ची गोष्ट अजून संपलेली नाही. त्याच आकड्याच्या जोरावर आपल्या देशातल्या एका शाळामास्तराने इतिहास घडवला आहे.

कुमाऊँमधल्या जोहार खोऱ्यातले नैनसिंग रावत. गावच्या शाळेत शिकवायचे म्हणून सगळे त्यांना पंडित म्हणत. त्या काळी तिबेटमध्ये परक्या माणसाला मज्जाव होता. सर्वेक्षण खात्याने त्यांना डेहराडूनला शिकवून तयार केलं आणि १८६५ साली ते यात्रेकरूच्या वेषात निघाले. पावलं मोजत चालायचं. माळेत १०८ ऐवजी १०० मणी, दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा. टिपणं लिहिलेले कागद प्रार्थनाचक्राच्या पोटात लपवलेले. आणि सामानात लपवलेली एक तापमापी. मुक्कामाला पोचलं की चहासाठी पाणी ठेवावं तसं पाणी उकळायचं आणि कोणाच्या नजरेत न येता पारा बघायचा. किती अंशांना उकळलं त्यावरून त्या जागेची उंची काढता येते. जानेवारी १८६६ मध्ये ते ल्हासाला पोचले आणि ल्हासाची उंची त्यांच्या या उकळत्या पाण्याच्या आकड्यांवरून काढली गेली. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं.

आता कल्पना करा, नैनसिंगांनी प्रत्येक मुक्कामाला ‘पाणी १०० ला उकळले’ असं लिहिलं असतं तर? पुस्तकाप्रमाणे बरोबर झालं असतं, आणि नकाशावर सगळं तिबेट समुद्रकिनाऱ्यावर येऊन पडलं असतं! आमच्या वर्गाने तेच केलं होतं. आम्ही चाळीस मुलांनी मिळून आमचं गाव कोकणात उतरवलं होतं.

मग वही परीक्षेत कशी शिरली? याचा एक महत्त्वाचा टप्पा अमेरिकेत आहे. १८८० च्या दशकात हार्वर्डमध्ये प्रवेश घेणाऱ्या मुलांनी भौतिकशास्त्राचं पुस्तक घोकून येऊ नये, प्रयोग करून यावं, असं ठरलं. त्यासाठी १८८७ साली सुमारे ४० प्रयोगांची एक यादी प्रसिद्ध झाली. ती तयार केली एडविन हॉल यांनी. बारावीच्या पुढे भौतिकशास्त्र शिकलेल्यांना ‘हॉल परिणाम’ आठवत असेल, तेच हे हॉल. विद्यार्थ्याने हे प्रयोग करायचे, ते करताना लिहिलेली मूळ वही शिक्षकाच्या सहीनिशी घेऊन यायची आणि हार्वर्डमध्ये प्रात्यक्षिक परीक्षाही द्यायची.

हेतू बघा किती चांगला होता. घोकंपट्टी मोडायची, मुलांच्या हातांना काम द्यायचं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये हेन्री आर्मस्ट्राँग हे रसायनशास्त्रज्ञ शाळांमधून सांगत होते, की मुलांना उत्तर सांगू नका, शोधायला लावा, आणि करता करताच स्वतःच्या शब्दांत लिहायला लावा. दोघांचाही हेतू एकच होता.

पण मंडळी, परीक्षा ही मोठी चमत्कारिक गोष्ट आहे. ती ज्या वस्तूला हात लावते तिचा पुरावा मागते, आणि पुरावा मागितला की लोक वस्तू सोडून पुरावा तयार करू लागतात. हार्वर्डची यादी शाळाशाळांत गेली, त्या यादीबरहुकूम उपकरणांचे संच विकायला आले, आणि वीसेक वर्षांत तिथलेच शिक्षक तक्रार करू लागले, की मुलं आकडे भरतात, त्यांना कशाचं कुतूहल उरलेलं नाही. बॉइलची वही साक्ष देत होती. ही नवी वही हजेरी देऊ लागली. आपल्या जर्नलचं पहिलं पान आठवा. ‘प्रमाणित करण्यात येते की कुमार अमुक तमुक यांनी या वर्षात इतके प्रयोग पूर्ण केले आहेत.’ खाली शिक्षकांची सही आणि शाळेचा शिक्का. कल्पना तीच.

आता आपल्या जर्नलमध्ये शिरू. उजव्या रेघी पानावर पेनाने उद्देश, साहित्य, कृती, अनुमान, दक्षता. डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आकृती आणि निरीक्षणाचा तक्ता. क्रम सुंदर आहे, तर्काला धरून आहे. दोष क्रमात नाही. पण भाषा बघा. पुस्तकात वाक्य असतं, ‘एका चंचुपात्रात पाणी घ्या. ते तिवईवर ठेवा. तापमापीतील वाचन नोंदवा.’ जर्नलमध्ये काय होतं? ‘एका चंचुपात्रात पाणी घेतले. ते तिवईवर ठेवले. तापमापीतील वाचन नोंदवले.’ आज्ञार्थाचा भूतकाळ केला की कृती तयार! यासाठी प्रयोगशाळेत पाऊल ठेवायची गरज नाही, मराठी व्याकरण पुरतं.

आणि व्याकरणाचा विषय निघालाच आहे तर, ‘प्रयोग’ हा आपला शब्द किती मजेशीर आहे पाहा. मराठीत प्रयोग तीन ठिकाणी होतात. प्रयोगशाळेत, व्याकरणात आणि रंगभूमीवर. ‘मी पाणी घेतले’ हा कर्मणी प्रयोग, क्रियापद पाण्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं. त्यातला ‘मी’ गाळला तरी वाक्य उभं राहतं, ‘पाणी घेतले’. जर्नलमधून पहिला नाहीसा होतो तो हा ‘मी’. कोणी घेतलं? माहीत नाही. कोणी पाहिलं? माहीत नाही. साक्षीदारच बेपत्ता. मोठ्यांच्या शोधनिबंधांतही अशीच निनावी भाषा असते, तिची काही कारणं आहेत. पण शोधनिबंधावर लेखकाचं नाव असतं आणि त्याला जाब विचारता येतो. पोराच्या वहीतला ‘मी’ गेला की त्याच्याबरोबर जबाबदारीही जाते.

तिसरा प्रयोग रंगभूमीवरचा. नाटकाचा शेव़ट नटाला माहीत असतो, प्रेक्षकालाही बहुधा माहीत असतो, तरी प्रयोग होतो. शाळेतले प्रयोग थोडेफार असेच असतात, आणि ते असायला हरकत नाही. पंधराव्या वर्षी कोणी नवा नियम शोधावा अशी अपेक्षा नाही. गाणं शिकणारा तोच राग रोज घोळवतो, त्याला आपण फसवणूक म्हणत नाही, रियाज म्हणतो. उत्तर आधी माहीत असणं हा गुन्हा नाही. पण रियाजात सूर चुकला तर तो कानाला कळला पाहिजे. आमच्या वहीत चुकीचा सूर लागायची सोयच ठेवलेली नाही.

कोणी म्हणेल, सर, शाळेतल्या एका आकड्याचं एवढं काय घेऊन बसलात? मोठेपणी शास्त्रज्ञ झाले की शिकतील. म्हणून एक मोठ्यांची गोष्ट सांगतो.

रॉबर्ट मिलिकन, नोबेल पारितोषिक मिळालेले शास्त्रज्ञ. तेलाच्या बारीक थेंबांवरून त्यांनी इलेक्ट्रॉनचा प्रभार मोजला. १९१३ च्या शोधनिबंधात त्यांनी ५८ थेंबांचे आकडे दिले आणि हे निवडक नाहीत, सलग ६० दिवसांत तपासलेले सगळे थेंब आहेत, असं लिहिलं. पुढे जेराल्ड होल्टन या इतिहासकाराने त्यांच्या मूळ वह्या उघडल्या. वह्यांत ५८ हून बरेच जास्त थेंब निघाले. काही गाळण्याला चांगली कारणं होती, काहींबद्दल अभ्यासकांत आजही वाद आहे. मिलिकनचं उत्तर जवळपास बरोबर होतं. पण ‘सगळे’ हा शब्द बरोबर नव्हता, आणि ते आपल्याला कळलं कशामुळे? कच्ची वही जपून ठेवली होती म्हणून.

गोष्ट इथे थांबत नाही. हवेची चिकटपणाची किंमत त्यांनी थोडी चुकीची धरली होती, म्हणून त्यांचं उत्तर किंचित कमी आलं. रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ साली कॅलटेकच्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणात सांगितलं, की नंतरच्या लोकांनी मोजलेले आकडे एकदम बरोबर किमतीला गेले नाहीत, हळूहळू वर सरकत गेले. कारण कोणाचा आकडा मिलिकनपेक्षा फार वेगळा आला, की तो माणूस आपलं कुठे चुकलं ते शोधत बसायचा, आणि जवळ आला की तपासणं थांबवायचा. त्यांच्याही वहीत कोणीतरी अदृश्य लाल गोल काढत होतं. आमचे सर निदान समोर उभे होते.

मग उपाय आहे का? आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात एक मोठा प्रयत्न झाला, तो विसरता कामा नये. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांमध्ये किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सहावी ते आठवीसाठी विज्ञानशिक्षणाचा नवा कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पोचला, पुढे एकलव्य संस्थेने तो सांभाळला. मुलं गट करून प्रयोग करायची आणि आपल्या वहीत आपल्याला दिसलं ते लिहायची. पुस्तकात उत्तरं नव्हती, प्रश्न होते. आणि परीक्षेत पुस्तक आणि स्वतःची वही उघडून बसायची परवानगी होती. जरा विचार करा, याने वहीचं काय होतं. परीक्षेत उपयोगी पडणार असेल तर मी वहीत खोटं कशाला लिहीन? खोटं लिहिलं तर माझंच नुकसान. परीक्षा तीच, पण तिने वहीकडे पाहण्याची दिशा बदलली. २००२ साली तो कार्यक्रम सरकारी निर्णयाने बंद झाला. पण तीस वर्षं साध्या खेड्यांतल्या सरकारी शाळांत तो चालला, म्हणजे हे अशक्य नाही एवढं तरी सिद्ध झालं.

शिक्षकांची अडचण मला दिसते. आपल्याकडे दहावीला विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे ८० गुण लेखी परीक्षेचे आणि २० प्रात्यक्षिकाचे. एका वर्गात पन्नास-साठ मुलं, उपकरणं अपुरी, दिवस थोडे. बाजारात लिहून तयार जर्नलं मिळतात. अशा स्थितीत शिक्षकाने प्रत्येक आकड्यामागचं सत्य शोधत बसावं असं मी म्हणणार नाही. माझी मागणी फार लहान आहे. जर्नलमध्ये ‘दक्षता’ नावाचा मथळा असतो, तो सगळे एकमेकांचा उतरवतात. त्याच्या शेजारी आणखी एक मथळा द्या, ‘वेगळे काय दिसले’. पुस्तकात आहे त्यापेक्षा माझ्या टेबलावर वेगळं काय झालं, आणि ते का झालं असावं असं मला वाटतं. त्याला दोन गुण ठेवा. आणि तोंडी परीक्षेत व्याख्या विचारण्याऐवजी त्या दोन ओळींवर बोलायला लावा. ज्याने प्रयोग केला नाही त्याला तिथे काही सुचणार नाही. ज्याने केला, त्याला थांबवावं लागेल.

आता शेवटी, नातीच्या भिंगाकडे परत जाऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला हाक मारली. म्हटलं, ‘‘काल मी चुकलो. वही आण.’’ ती वही घेऊन आली. तिने आकडे बदलले नव्हतेच. माझ्या पिढीपेक्षा ती धीट आहे. मी विचारलं, ‘‘लांबची वस्तू म्हणून काय घेतलं होतंस?’’ ती म्हणाली, ‘‘बाहेर गर्दी होती, म्हणून मी आतच लॅबची खिडकी घेतली.’’ ‘‘किती लांब होती?’’ ‘‘टेबलापासून असेल दोनेक मीटर.’’

मग आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. वस्तू फार लांब असेल तरच प्रतिमा नाभीवर पडते. वस्तू जवळ असेल तर प्रतिमा थोडी पलीकडे सरकते. भिंगाचं सूत्र तिला पाठ होतं, मला ती शिकवत होती. नाभीय अंतर १० सेंमी, वस्तू २०० सेंमीवर. एक भागिले दहा, वजा एक भागिले दोनशे. उलटं केल्यावर उत्तर आलं १०.५ सेंमी. तिच्या तिन्ही आकड्यांची सरासरी बरोबर १०.५ होती.

भिंगाने तिला खिडकी किती लांब आहे ते सांगितलं होतं, जसं पाण्याने मला आमचं गाव किती उंच आहे ते सांगितलं होतं. फरक एवढाच, की तिने आकडा खोडला नाही. अनुमानाच्या खाली तिने स्वतःच्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या, की मी घेतलेली वस्तू पुरेशी लांब नव्हती म्हणून अंतर जास्त आले. मी वाचलं आणि एका शब्दावर थांबलो. ‘मी घेतलेली’ असं तिने लिहिलं होतं. साक्षीदार परत आला होता.

तिला त्याचे मार्क किती मिळाले ते अजून कळलेलं नाही. कळलं की सांगेन.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.